भेदभाव मोजायचा कसा? सोशल मीडियाचा आरसा आणि आपली जबाबदारी

"मुसलमानांशी भेदभाव होतो म्हणता, पण पुरावा काय?" हा प्रश्न आपल्याला कुठेही ऐकायला मिळतो. ऑफिसात, रेल्वेच्या डब्यात, नात्यातल्या लग्नात बसलेल्या शेजाऱ्याकडून. त्यावर बहुतेक वेळा आपल्याकडे उत्तर म्हणून एखादा किस्साच असतो. फोनवर खोली रिकामी होती, नाव सांगितलं आणि लगेच "आत्ताच दिली हो" असं उत्तर आलं. मुलाखत छान झाली, पण पुढे फोनच आला नाही. समोरचा म्हणतो, "अहो, हे एखाद-दुसरं उदाहरण झालं." आणि विषय तिथेच संपतो.

अडचण खरी आहे. खोली नाकारल्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. त्याचा एफआयआर नसतो, पंचनामा नसतो. घरमालक नकाराचं कारण लिहून देत नाही. पण त्याच रात्री तो तरुण मोबाईल उघडतो आणि चार ओळी लिहितो. कुणी फेसबुकवर, कुणी एक्सवर (जुनं ट्विटर), कुणी इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर. असे लाखो लोक लिहितात. मग हे सगळं एकत्र करून समाजाला भेदभाव कुठे, कधी आणि कसा जाणवतो, हे मोजता येईल का? जगभरातले संशोधक गेली दहा-बारा वर्षं हाच प्रयत्न करत आहेत. या पद्धतीत ताकद आहे आणि मोठे धोकेही आहेत. दोन्ही बाजू आपल्या घराघरांत समजायला हव्यात, कारण मोजले जाणारे लोक आपणच आहोत.

जकार्तातला प्रयोग

संयुक्त राष्ट्रसंघाचा 'ग्लोबल पल्स' नावाचा उपक्रम आहे. मोबाईल आणि इंटरनेटवरच्या माहितीचा लोकहितासाठी उपयोग करून पाहणं हे त्याचं काम. त्याची एक प्रयोगशाळा २०१२ मध्ये इंडोनेशियाच्या राजधानीत, जकार्तात सुरू झाली. जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेला हा देश ट्विटरच्या वापरातही पुढे होता. या प्रयोगशाळेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसोबत एक चाचणी अभ्यास केला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांशी होणाऱ्या भेदभावाबद्दल लोक ट्विटरवर काय बोलतात आणि त्यातून काही कल ओळखता येतो का, हे त्यात तपासलं गेलं. २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

अशा कामाची रीत साधारण एकसारखी असते. आधी विषयाशी संबंधित शब्दांची यादी करायची. त्या शब्दांच्या पोस्ट गोळा करायच्या. त्यातून जाहिराती, बातम्यांच्या लिंक, विनोद, त्याच त्या कॉपी बाजूला काढायच्या. मग माणसांनी बसून काही हजार पोस्ट वाचायच्या आणि प्रत्येकीवर शेरा मारायचा: ही तक्रार आहे, ही टोमणा आहे, ही नुसती चर्चा आहे. त्या शेऱ्यांवरून संगणकाला शिकवायचं आणि उरलेल्या लाखो पोस्ट त्याच्याकडून तपासून घ्यायच्या. शेवटी आलेख काढायचा की कोणत्या महिन्यात, कोणत्या विषयावर, किती बोललं गेलं.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला यातली मेख लगेच कळेल. नमुना उत्तरपत्रिका चुकली की सगळ्या वर्गाचे गुण चुकतात. शब्दांची यादी कोणी केली आणि पहिले शेरे कोणी मारले, यावरच पुढचं सगळं उभं असतं.

तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळ्या मोजपट्ट्या

इथे एक गोंधळ आधी दूर करायला हवा. भेदभाव घडणं, तो आपल्यावर घडला असं माणसाने सांगणं आणि त्याबद्दल समाजात बोललं जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी आहे.

पहिली गोष्ट, म्हणजे भेदभाव घडतो का, हे तपासण्याची सर्वात पक्की रीत म्हणजे सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहणं. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी हे केलं. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले गेले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. म्हणजे ढोबळमानाने एक तृतीयांश.

पुढे २०२२ मध्ये 'लेड बाय फाउंडेशन' या संस्थेने मुस्लिम मुलींच्या बाबतीत अशीच चाचणी केली. एकाच दर्जाचे दोन बायोडेटा, एक 'हबीबा अली' आणि दुसरा 'प्रियांका शर्मा' या नावाने, दहा महिन्यांत एक हजार नोकऱ्यांसाठी पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३ ठिकाणांहून. आपल्या मुली बीकॉम, बीएस्सी करून अर्ज टाकतात आणि उत्तर येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतात. त्यांना हे दोन आकडे जरूर सांगा. आणि हेही सांगा की १०३ ठिकाणांहून उत्तर आलं होतं, म्हणून अर्ज टाकणं थांबवायचं नाही.

दुसरी मोजपट्टी सर्वेक्षणाची. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत भारतात सुमारे तीस हजार प्रौढांशी १७ भाषांत समोरासमोर बसून मुलाखती केल्या. २०२१ मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार २४ टक्के मुस्लिमांनी सांगितलं की देशात मुस्लिमांशी खूप भेदभाव होतो. मागच्या १२ महिन्यांत आपल्या स्वतःच्या वाट्याला धर्मामुळे भेदभाव आला, असं २१ टक्के म्हणाले. उत्तर भारतात हेच प्रमाण ४० टक्के होतं. त्याच अहवालात ९५ टक्के मुस्लिमांनी आपल्याला भारतीय असल्याचा खूप अभिमान वाटतो, असं सांगितलं.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. अर्जाच्या चाचणीत मुस्लिम नावाला जबर फटका बसतो, पण विचारल्यावर पाचातला एकच जण "माझ्याशी भेदभाव झाला" म्हणतो. यात विसंगती नाही. ज्याला बोलावणं आलं नाही, त्याला ते नावामुळे आलं नाही हे कळणार कसं? प्रियांकाला उत्तर आलं, हे हबीबाला कधीच दिसत नाही. शिवाय अनोळखी माणूस दारात येऊन विचारतो, तेव्हा पुष्कळ लोक "सगळं ठीक आहे साहेब" म्हणून वेळ मारून नेतात. म्हणून "मुस्लिम उगाच रडतात" हा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. उलट बऱ्याच वेळा झालेला अन्याय आपल्या लक्षातच येत नाही.

तिसरी मोजपट्टी म्हणजे लोकांचं आपसातलं बोलणं. सोशल मीडिया ते मोजतो. कुणी प्रश्न न विचारता लोक स्वतःहून काय बोलतात, कोणत्या दिवशी बोलणं वाढतं, घराबद्दल जास्त बोलतात की नोकरीबद्दल, हे त्यातून दिसू शकतं. सर्वेक्षणाला वर्ष-दोन वर्षं लागतात. इथे काही दिवसांत चित्र हाती येतं. ही या साधनाची खरी ताकद आहे.

एप्रिल २०२० चा धडा

कोरोनाच्या सुरुवातीला तबलीगी जमातच्या निमित्ताने काय घडलं, ते आपण विसरलेलो नाही. 'इक्वॅलिटी लॅब्स' या संस्थेने 'टाइम' साप्ताहिकाला दिलेल्या आकडेवारीनुसार, २८ मार्चनंतरच्या काहीच दिवसांत 'कोरोनाजिहाद' हा हॅशटॅग ट्विटरवर जवळपास तीन लाख वेळा आला आणि तो साडेसोळा कोटी लोकांपर्यंत पोहोचला असण्याची शक्यता होती. ही मोजणी तेव्हाच्या तेव्हा झाली म्हणून जगाला कळली. तीन महिन्यांनी सर्व्हे करून हे पकडता आलं नसतं.

पण या आकड्याने नेमकं काय मोजलं? त्याने द्वेषाचा फैलाव मोजला. गल्लीत ज्या भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवलं, त्याचं दुखणं या तीन लाखांत नव्हतं. तो ट्विटरवर नव्हताच. द्वेष मोजणं आणि द्वेष सोसणाऱ्याचा अनुभव मोजणं ही दोन कामं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

दुसरा धडा असा की बोलण्याचा आवाज मोठा म्हणजे बोललेलं खरं, असं होत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता निकालात नोंदवली. ते गुन्हे आपल्याच अहमदनगर जिल्ह्यातले होते. तीन लाख पोस्ट एका बाजूला आणि कोर्टासमोरचा पुरावा दुसऱ्या बाजूला होता. उद्या आपल्या बाजूने तीन लाख पोस्ट पडल्या, तरी हाच नियम आपल्यालाही लागू आहे.

जे बोलतच नाहीत त्यांचं काय?

वर्गात प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरची चार-पाच मुलं हात वर करतात. त्यांच्या उत्तरांवरून "वर्गाला धडा समजला" असं ठरवणाऱ्या शिक्षकाची परीक्षेत फजिती होते. सोशल मीडियाचा डेटा म्हणजे हेच वर झालेले हात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होतं. त्यानंतर मोबाईल घरोघर पोहोचले हे खरं. पण घरातला फोन अम्मीच्या हातात किती वेळ असतो आणि त्यावर आपल्या नावाने जाहीरपणे लिहिण्याची मोकळीक तिला किती आहे, हे आपलं आपणच तपासावं. दवाखान्यात बुरख्यामुळे तुटक वागणूक मिळाली, तर ते ती बहिणीला सांगते. त्याची पोस्ट होत नाही.

आपलं बहुतेक बोलणं चालतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथले संदेश बाहेरच्याला वाचता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणजे संशोधकाच्या हाती येतं ते फक्त चौकातलं बोलणं, उंबरठ्याच्या आतलं नाही. त्यात भीती आली. पोस्टवरून गुन्हा दाखल होतो, नोकरी जाते, हे पाहिलेला माणूस हात आखडता घेतो. जिथे भेदभाव जास्त, तिथे भीती जास्त आणि जिथे भीती जास्त, तिथे पोस्ट कमी. अशा गावाचा आलेख अगदी सपाट दिसेल आणि वर बसलेला अधिकारी म्हणेल, "बघा, तिथे किती शांतता आहे!"

मशीनला आपली बोली कळते का?

आपली पोरं कशी लिहितात बघा. अर्धं मराठी, अर्धं उर्दू, तेही रोमन लिपीत. मध्येच दखनी ठसका. "वा रे नसीब, नाम सुनते ही रूम भर गई" असं लिहिलेलं वाक्य मशीनला अभिनंदनाचं वाटू शकतं, कारण त्यात 'वा' आणि 'नसीब' आहे. टोमणा ओळखणं माणसालाही शिकावं लागतं.

दुसरी चूक आणखी गंभीर. एखाद्याने आपल्याला दिलेली शिवी जशीच्या तशी लिहून तक्रार केली, तर मशीन त्या तक्रारीलाच द्वेषाच्या खात्यात टाकू शकतं. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तोच गुन्हेगाराच्या रांगेत उभा राहतो.

आणि मशीन कोऱ्या पाटीचंही नसतं. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 'जीपीटी-३' या भाषा-मॉडेलला "दोन मुस्लिम आत शिरले" अशा अर्थाचं अर्धवट इंग्रजी वाक्य १०० वेळा पूर्ण करायला दिलं. त्यातली ६६ उत्तरं हिंसेची होती. इतर धर्मांची नावं घातल्यावर हिंसेचं प्रमाण बरंच कमी झालं. ज्या मजकुरावर मशीन शिकलं, त्यातला पूर्वग्रह त्याच्यात उतरला. भेदभाव मोजायची पट्टीच वाकडी असेल, तर मोजमाप सरळ कसं येईल?

मराठीत या दिशेने काम सुरू झालं आहे. पुण्यातल्या 'एल-थ्री-क्यूब' गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' नावाचा पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विट्सचा संच तयार केला. माणसांनी वाचून त्यातल्या प्रत्येक ट्विटवर द्वेष, अपमान, अश्लील किंवा यांपैकी काही नाही, असा शेरा मारला आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण 'कोणता मजकूर द्वेषाचा' आणि 'कोणत्या मजकुरात भेदभाव सोसल्याचं दुःख आहे' हे प्रश्न वेगळे आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी शेरे मारणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यातली बोली समजणारे लोक हवेत. हे काम आपल्या मुला-मुलींनी करायचं नाही, तर कोणी करायचं?

डेटा कोणाच्या हातात?

आता सर्वात नाजूक मुद्दा. जी यादी भेदभावाची तक्रार दाखवते, तीच यादी तक्रार करणाऱ्यांची नावंही दाखवते.

२०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने 'सोशल मीडिया कम्युनिकेशन हब' उभारण्याचा घाट घातला होता. लोकांच्या ऑनलाइन बोलण्यावर नजर ठेवायची ही योजना होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने हे पाळत ठेवणाऱ्या राज्यासारखं होईल अशी चिंता व्यक्त केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. पण धडा राहिला. तंत्र तेच असतं. हेतू बदलला की कान देणारा माणूस पाळत ठेवणारा होतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, पण आपण स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. सार्वजनिक पोस्ट म्हणजे चौकात लावलेला कागद, हे प्रत्येक घरात मुलांना समजावून सांगायला हवं.

दुसरीकडे, प्रामाणिक संशोधकांसाठी दारं बंद होत चालली आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये डेटाचा मोफत मार्ग बंद केला. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टचा माग घेणारं 'क्राउडटँगल' हे साधन मेटा कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. युरोपात मोठ्या कंपन्यांना संशोधकांना डेटा देण्याची सक्ती करणारा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही. आपलं दुखणं कंपनीच्या तिजोरीत पडून आहे. जाहिरातवाल्याला त्याचा उपयोग करता येतो, विद्यापीठातल्या प्राध्यापकाला नाही.

मग आपण काय करायचं?

पहिली मागणी सरकारकडे. सच्चर समितीने २००६ मध्ये दोन महत्त्वाच्या शिफारशी केल्या होत्या: राष्ट्रीय डेटा बँक आणि समान संधी आयोग. आयोगाची चर्चा पुष्कळ झाली, पण त्याचा कायदा काही झाला नाही. राज्यात महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अहवाल दिला. आरक्षणावर बोलताना आपण या अहवालांची नावं घेतो, पण नियमित मोजमापाची मागणी सोडून देतो. नोकरी आणि भाड्याच्या घरांबाबत थोरातांसारख्या चाचण्या दर काही वर्षांनी व्हायला हव्यात. सोशल मीडियाचं विश्लेषण त्याला पूरक म्हणून चालेल. ताप आहे हे त्याने कळेल, पण रोग कोणता ते रक्त तपासूनच ठरेल.

दुसरं काम आपलं स्वतःचं. प्रसंग घडला की संतापाची पोस्ट टाकण्याआधी तो कागदावर उतरवा. तारीख, वेळ, ठिकाण, कोणते शब्द वापरले, सोबत कोण होतं, सगळं लिहा. मेसेज असेल तर जपून ठेवा. "आमच्यावर नेहमीच अन्याय होतो" हे वाक्य मशीनलाही उपयोगाचं नाही आणि वकिलालाही. अशा नोंदी नावं झाकून एकत्र ठेवण्याचं काम प्रत्येक शहरातल्या आपल्या संस्था करू शकतात.

तिसरं, खात्री न केलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. दुसऱ्या देशातला, पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ 'आपल्या गावात घडलं' म्हणून फिरतो आणि एका खोट्यामुळे दहा खऱ्या तक्रारी खोट्या ठरतात. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं हेच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहे. ती मोबाईललाही लागू आहे.

चौथं, मुलांना इंजिनिअरिंग आणि मेडिकलसोबत संख्याशास्त्र, भाषाशास्त्र, समाजशास्त्र हेही शब्द ऐकू द्या. उर्दू, मराठी आणि दखनी या तिन्ही भाषा येणारी मुलगी डेटावर काम करायला बसली, तर जे लंडन-दिल्लीच्या तज्ज्ञाला दिसत नाही ते तिला दिसेल.

आणि शेवटचं, थोडं कडू. आपल्याला खोली नाकारली की आपल्याला दुखतं. पण आपल्यातला घरमालक बिरादरी विचारून खोली देतो का? दलित कुटुंबाला देतो का? एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला देतो का? थोरात-अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावं एकाच तक्त्यात, एकाखाली एक आहेत. लढाईही एकत्रच लढावी लागेल. इन्साफ मागणाऱ्याने आपल्या दाराची चौकट आधी मोकळी ठेवायला हवी.

पुढच्या वेळी कोणी "पुरावा काय?" असं विचारलं, तर आवाज चढवू नका. ०.३३ आणि १०३ हे दोन आकडे सांगा, ते कसे काढले तेही सांगा आणि मग शांतपणे विचारा, "हीच चाचणी आपल्या शहरात एकदा करून पाहायची का? तुम्ही सोबत याल?"